सव्वादोन महिन्यांच्या बाळाला साल्मोनेलाचा मेंदूज्वर: ताप उतरला, तरी चार आठवडे इंजेक्शनं लागतातच का?

द्राक्षबाग

नमस्कार मंडळी. आम्ही तासगाव तालुक्यातले. माझी मुलगी सव्वादोन महिन्यांची आहे, सध्या मिरजेत मुलांच्या दवाखान्यात अ‍ॅडमिट आहे. मेंदूज्वर झालाय. पाठीतल्या पाण्याच्या कल्चरमध्ये साल्मोनेला नावाचा जंतू निघालाय. टायफॉइडच्या घराण्यातला, पण टायफॉइडचा नव्हे, असं डॉक्टरांनी सांगितलं. या आजारातून कुणी आपलं बाळ बाहेर काढलंय का, हे आधी विचारायचं आहे. वॉर्डात दुसऱ्या कुणाला हा जंतू नाही आणि मेंदूज्वरात तो क्वचितच सापडतो म्हणतात, त्यामुळं बोलायला माणूस नाही.

सुरुवात जुलाबानं झाली. हिरवट, चिकट, मध्येच रक्ताची रेघ. उन्हाळा आहे, उष्णता झाली असेल असं घरात सगळ्यांना वाटलं. गावातल्या डॉक्टरांनी पातळ औषध दिलं. मग ताप चढला आणि दूध ओढायची बंद झाली. बायकोच्या एक गोष्ट लक्षात आली: मांडीवर घेतलं, थोपटलं की पोर जास्तच किंचाळायची आणि खाली दुपट्यावर ठेवली की जरा निवायची. आमची थोरली कधी अशी नव्हती, रडली की कडेवर घेतलं की गप्प. त्याच रात्री हिचा डावा हात आणि डोळा उडायला लागला. आकडीच ती. तशीच गाडी काढली.

इथं आल्यावर डॉक्टरांनी सगळ्यात आधी टाळूवर बोटं ठेवली. जुलाब झालेल्या बाळाची टाळू आत जायला हवी, हिची वर आली आहे, असं ते सिस्टरला म्हणाले आणि पाठीतलं पाणी काढायची तयारी सुरू झाली.

आता ताप उतरलाय. आकडी परत आली नाही. अंगावर पिते, काल आजीकडं बघून हसली. आणि डॉक्टर म्हणतात, शिरेतून इंजेक्शनं कमीत कमी चार आठवडे, वर पाठीतलं पाणी अजून एकदा काढून बघायचं. खरड छाटणी तोंडावर आहे, मजुरांना सांगून ठेवलंय. चुलते रोज फोन करतात, पोरगी हसायली खेळायली, घरी आणा, औषध तोंडानं द्या. हाताच्या शिरा संपल्या, पायाच्या संपल्या, आता डोक्याची शीर धरली आणि त्यासाठी पुढचं जावळ भादरलं. मामाच्या मांडीवर जावळ काढायचं ठरलं होतं, आई त्यावरून फार रडली. पाठीतलं पाणी दोनदा काढलं की पोर पायानं लुळं पडतं असंही गावात म्हणतात.

ज्यांना अनुभव आहे त्यांनीच सांगा. चार आठवडे खरंच लागतात का? नंतर पोर नीट राहते का?

कृष्णाकाठची

दादा, बाळाला आत्ता घरी नेऊ नका. बाकीचं सावकाश सांगते, पण हे आधी वाचा आणि चुलत्यांना वाचून दाखवा.

मी कराडजवळची. माझ्या मुलाला तीन महिन्यांचा असताना हाच आजार झाला, हाच जंतू. आता तो पहिलीत आहे. उजव्या कानाला मशीन लावतो, बाकी सायकल, भांडणं, पाढे सगळं वर्गातल्या इतर मुलांसारखं. त्यामुळं जे लिहिते ते त्याच्या उशाशी बसून बघितलेलं आणि डॉक्टरांना खोदून खोदून विचारलेलं आहे.

त्याचाही ताप असाच लवकर उतरला होता. तोही हसत होता. आमच्याकडंही घरी नेण्याचा धोशा सुरू झाला होता. वॉर्डातल्या सिस्टर रोज सकाळी टेपनं त्याच्या डोक्याचा घेर मोजायच्या आणि कागदावर लिहायच्या. मला वाटायचं वजनासारखंच काहीतरी असेल. या वयात बाळाचं डोकं महिन्याला साधारण दोन सेंटीमीटर वाढतं. त्याचं त्याहून कितीतरी झपाट्यानं वाढायला लागलं. बाहेरून बघणाऱ्याला काहीही कळलं नसतं, मला आईला कळलं नाही, टेपला कळलं. लगेच टाळूवरून सोनोग्राफी झाली, मग एमआरआय. मेंदूच्या आवरणांच्या मध्ये एका बाजूला पू साठला होता. मेंदूच्या सर्जननी टाळूच्या कडेनं सुई घालून तो काढला आणि इंजेक्शनांचा कोर्स आणखी लांबला. त्या वेळी आम्ही घरी असतो तर हे कळायला आकडीची वाट बघावी लागली असती.

म्हणून तुम्ही रोज विचारा: आज डोक्याचा घेर किती? वहीत लिहून ठेवा. टाळूवरून सोनोग्राफी झाली का, पुन्हा कधी करणार, हेही विचारा. विचारलं म्हणून कुठलेही चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

आता चार आठवड्यांचं. आमच्या डॉक्टरांनी मला जसं समजावलं तसं सांगते. साल्मोनेला हा पेशीच्या आत शिरून राहणारा जंतू आहे. औषध रक्तात आणि मेंदूभोवतीच्या पाण्यात फिरत असतं, हा आत दडलेला असतो. पूर्वी या आजाराला क्लोरॅम्फेनिकॉल आणि अ‍ॅम्पिसिलिन देत, मुलं बरी झालेली दिसत, औषध थांबलं की काहींचा आजार उलटायचा. आता सेफोटॅक्झिम किंवा सेफ्ट्रायअ‍ॅक्झोन देतात, ती जास्त चांगली आहेत, तरीही या एका जंतूसाठी चार आठवडे किंवा त्याहून जास्त द्यायची पद्धत आहे. दुसऱ्या काही जंतूंचा मेंदूज्वर आठ-दहा दिवसांच्या इंजेक्शनांत आटोपतो. कुणा नातेवाइकाचं पोर तसं लवकर घरी गेलं असेल तर त्याच्याशी तुलना करू नका, तो जंतू वेगळा असणार.

आणखी एक अडचण आहे. मेंदूला रक्तापासून वेगळं ठेवणारा एक पडदा असतो. सूज असते तोवर त्यातून औषध बऱ्यापैकी आत झिरपतं. सूज उतरली की पडदा पुन्हा घट्ट होतो आणि औषध आत कमी जातं. म्हणजे बाळ बरं दिसायला लागतं त्याच वेळी औषध पोचवणं अवघड होतं. म्हणून डोस भारी ठेवतात आणि शिरेतूनच देतात. जुलाबाला किंवा सर्दीला देतात ती पातळ औषधं तिथं पुरी पडत नाहीत. तुम्ही बागाईतदार आहात, डाऊनी आलेल्या बागेत पानं जरा तरतरीत दिसली म्हणून फवारण्या निम्म्यावर सोडाल का? चुलत्यांना एवढं विचारा.

पाठीतल्या पाण्याबद्दल. माझ्या सासूबाईही हेच म्हणत होत्या, पोर लुळं पडेल. डॉक्टरांनी मला कागदावर मणका काढून दाखवला. मज्जारज्जू लहान बाळात कमरेच्या साधारण तिसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली घालतात, तिथं पाण्यात नुसते मोकळे धागे तरंगत असतात, ते सुईपुढून बाजूला सरकतात. पायानं अधू झालेली जी मुलं लोकांनी बघितलेली असतात ती मेंदूज्वरानं झालेली असतात, आणि पाणी काढल्याचं लोकांच्या लक्षात राहतं. दुसऱ्यांदा पाणी काढतात ते जंतू खरोखर मेला का हे बघायला. त्याला दुसरा रस्ता नाही. ते करून घ्या. त्या वेळी बाळाच्या आईला बाहेर बसवा, तिला ते रडणं ऐकवत नाही.

जावळाचं मात्र वाईट वाटलं हो. आमच्याही पोराचं असंच अर्धं डोकं भादरलं होतं. पुढं केस आल्यावर मामाच्या मांडीवर बसवून आम्ही सगळं व्यवस्थित केलं, पेढे वाटले. आईंना सांगा, विधी कुठं जात नाही.

सिस्टर निवृत्त

मी मिरजेत मुलांच्या वॉर्डात नोकरी केली, आता निवृत्त आहे. वरच्या ताईंनी लिहिलं ते बरोबर आहे. काही गोष्टी वॉर्डाच्या बाजूनं सांगते.

शिरा संपल्या असतील तर डॉक्टरांना पिक लाइनबद्दल विचारा. दंडाच्या किंवा पायाच्या शिरेतून एक लांब, बारीक, मऊ नळी आत सरकवतात, ती नीट सांभाळली तर कित्येक दिवस चालते. रोजची टोचाटोची वाचते. प्रत्येक बाळाला बसतेच असं नाही, पण विचारायला हवं. ती नळी असताना तिला हात लावण्याआधी कुणीही, अगदी सिस्टरनंसुद्धा, हात धुतलेच पाहिजेत. धुतले नाहीत असं दिसलं तर बाळाच्या आईनं सांगावं. आम्हाला राग येत नाही.

कल्चरच्या रिपोर्टवर खाली औषधांची यादी असते, कुठलं औषध या जंतूवर चालतं आणि कुठलं नाही. आपल्याकडं काही जंतू नेहमीच्या इंजेक्शनांना दाद देत नाहीत, मग डॉक्टर मेरोपेनेमसारखं दुसरं निवडतात. मध्येच इंजेक्शन बदललं तर घाबरू नका, पहिलं चुकलं असा त्याचा अर्थ नाही, रिपोर्ट आल्यावरच ते ठरतं.

एक नाजूक गोष्ट. या जंतूचा मेंदूज्वर झालेल्या बाळाची प्रतिकारशक्ती तपासायची म्हणून डॉक्टर बाळाची किंवा आईची एचआयव्हीची तपासणी सांगतात. ही नेहमीची तपासणी आहे. माझ्या वॉर्डात एका घरात यावरून सुनेला फार बोललं गेलं होतं, ते मी विसरू शकत नाही. तुमच्याकडं ही चाचणी सांगितली तर आईला काही ऐकावं लागू देऊ नका, तिनं आत्ता खाऊन-पिऊन, झोपून अंगावर पाजायचं आहे.

खर्चाचं: महात्मा फुले जन आरोग्य योजना त्या दवाखान्यात लागू आहे का ते बघा, जिथं आहे तिथं दाराजवळ आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशन कार्ड, बाळाचा जन्माचा दाखला आणि आधार घेऊन आजच भेटा, डिस्चार्जच्या दिवशी जाऊन उपयोग नसतो. सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार मोफतच असतात.

बाळ जुलाबातून हा जंतू बाहेर टाकतं, आणि जुलाब थांबल्यावरही कित्येक आठवडे टाकत राहू शकतं. इंजेक्शनांनी मेंदूतला जंतू मरतो, आतड्यातला लगेच जातोच असं नाही. म्हणून लंगोट बदलल्यावर प्रत्येकानं साबणानं हात धुवायचे. थोरल्या मुलीला त्या कपड्यांपासून लांब ठेवा. धुणं वेगळं भिजवा, गरम पाण्यात.

आता मला सांगा, घरात कोंबड्या आहेत का? बाळाला वरचं दूध देत होतात का?

आजीचा बटवा

एवढी इंजेक्शनं म्हणजे पोराच्या अंगात नुसती गर्मी. आमच्याकडं असल्या वेळी वेखंड आणि जायफळ उगाळून देतात, पोर शांत झोपतं, आकडी येत नाही. आमची सगळी याच्यावरच मोठी झाली.

कृष्णाकाठची

आजी, तुमच्या घरची मुलं धडधाकट वाढली याचा आनंद आहे, पण या बाळाला यातलं काहीही देऊ नका. जायफळानं पोरं गुंगतात म्हणूनच ते देतात. मेंदूज्वराच्या बाळात डॉक्टर दिवसातून कितीदा तरी हेच बघत असतात की बाळ गुंगीत तर नाही ना, हाक मारली, तळव्याला टिचकी मारली तर जागं होतं ना. मेंदूवर दाब वाढल्याच्या सुरुवातीच्या खुणांपैकी ती एक असते. जायफळानं झोपलेलं बाळ आणि दाब वाढून सुस्तावलेलं बाळ यांत फरक कसा करायचा? आणि उगाळायची सहाण, ती कुठल्या पाण्यानं धुतलेली, कुणाच्या हातांनी, हा प्रश्न तर या आजारात सगळ्यात आधी येतो.

मी बटव्याच्या विरोधात नाही. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या तोंडात आईच्या दुधाशिवाय काही जाऊ नये, पाण्याचा थेंबसुद्धा नाही, हे मी आता गावात प्रत्येक बाळंतिणीला दारात जाऊन सांगते आणि सांगत राहणार.

द्राक्षबाग

तुम्हा दोघींचे फार आभार. चुलत्यांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले, छाटणी आम्ही बघतो, तू तिथंच थांब. मोठं ओझं उतरलं.

सिस्टर, तुमच्या प्रश्नांचं. हो, घरामागं खुराडं आहे, पंधरा-वीस गावरान कोंबड्या. अंडी आईच गोळा करते, आणि बायकोचं सिझेरियन झाल्यामुळं पहिले कित्येक दिवस बाळाचं सगळं आईच करत होती. दूध कमी पडायचं म्हणून डब्याची पावडर पण चालू होती, बाटलीनं. पण मला हे कळत नाही की कोंबड्या एकदम ठणठणीत आहेत, एकही मेली नाही. आणि बाळ काही अंडं खात नाही. मग जंतू आला कुठून? डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी सांगितली आहे. आई तेव्हापासून गप्प गप्प आहे, आपल्यामुळं झालं असं तिच्या मनानं घेतलंय.

आणि आज पिक लाइनबद्दल विचारलं. उद्या घालून बघू म्हणाले.

सिस्टर निवृत्त

कोंबडी ठणठणीत असते तरी तिच्या आतड्यात हा जंतू असू शकतो, तिला त्याचं काही होत नाही. तो विष्ठेतून अंड्याच्या कवचाला, खुराड्याच्या फळीला, हाताला लागतो. मोठ्या माणसाच्या पोटातलं आम्ल थोड्याफार जंतूंना मारून टाकतं. इतक्या लहान बाळात ते आम्लही कमी आणि प्रतिकारशक्तीही कच्ची, त्यामुळं थोडके जंतूही पुरतात. तीन महिन्यांच्या आतल्या बाळात तो आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूच्या आवरणात जाण्याची भीती मोठ्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून इतक्या लहान बाळाला ताप आणि जुलाब, त्यातही रक्त दिसलं, तर रक्ताचं कल्चर करतात, घरगुती जुलाब समजून थांबत नाहीत. इथं ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांनी हे ध्यानात ठेवा.

पण खुराड्यातूनच आला असं आत्ताच ठरवू नका. पावडरच्या डब्यातूनही येऊ शकतो. दुधाची पावडर निर्जंतुक नसते. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली त्यावर सूचना काढल्या होत्या: उकळलेलं पाणी, ते ७० अंशांच्या खाली उतरायच्या आत पावडर घालायची, म्हणजे तिच्यातले जंतू मरतात, मग निववून लगेच पाजायचं, उरलेलं ठेवायचं नाही. आपल्याकडं कोमट पाण्यात कालवतात आणि बाटली दोन-दोन तास उन्हाळ्यात तशीच ठेवतात. बाटलीचं बूच नीट धुतलंच जात नाही. वरचं दूध द्यायचीच वेळ आली तर वाटी-चमचा उकळून घ्या. पण आई अंगावर पाजतेय ना, मग तेच वाढेल. वॉर्डातल्या सिस्टरला दर वेळी बाळ छातीशी कसं धरायचं ते दाखवायला सांगा.

शिवाय घरातलं एखादं माणूस काहीही त्रास नसताना जंतू बाळगून असतं. आणि कोंबड्याच कशाला, सांगलीत एका घरी काचेच्या पेटीत पाळलेलं लाल कानाचं कासव होतं, बाळानं त्याला कधी हातही लावला नव्हता, पेटीचं पाणी स्वयंपाकघरात बदलत. त्या घरात कासवाचीच शंका आली होती. अमेरिकेत चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे ती याच जंतूमुळं.

आईंना माझं नाव सांगून सांगा, एक जुनी सिस्टर म्हणते की तपासणी दोष काढायला नाही. कुणाच्या पोटात जंतू असेल तर त्यांनी बाळाचं करू नये, स्वयंपाक करताना हात धुवावेत, एवढ्यासाठी ती आहे. कोंबड्या विकायचीही गरज नाही. खुराड्याचं काम दुसऱ्या कुणाकडं द्या, त्या कपड्यांनी आणि त्या चपलांनी बाळाच्या खोलीत यायचं नाही, अंडी ओट्यावर न ठेवता वेगळ्या टोपलीत.

सोनचाफा

मी फक्त वाचत होते, पण एक विचारते. माझं बाळ दोन महिन्यांचं आहे, पेंटाव्हॅलंट, न्युमोनियाची लस, रोटाची लस सगळं वेळेवर दिलंय. मग मेंदूज्वराची भीती नाही ना? आणि टायफॉइडची लस?

सिस्टर निवृत्त

पेंटाव्हॅलंटमधली हिब नावाच्या जंतूवरची लस आणि न्युमोकोकलची लस, या दोन्हींनी मेंदूज्वराचे दोन मोठे जंतू अडतात. पूर्वी वॉर्डात हिबची बाळं सतत असायची, ती डोळ्यांदेखत कमी झाली, म्हणून लस चुकवू नका. साल्मोनेलाच्या या प्रकारावर मात्र आपल्याकडं लस नाही. टायफॉइडची लस सहा महिन्यांनंतर देतात आणि ती टायफॉइडच्याच जंतूवर चालते, याच्यावर नाही.

द्राक्षबाग, तुमच्या मुलीची दहा आठवड्यांची लस आता यायची असेल. अ‍ॅडमिट आहे म्हणून ती विसरू नका, कधी द्यायची ते डॉक्टरांना विचारून कार्डावर लिहून घ्या.

द्राक्षबाग

थोडं चांगलं. पाठीतलं पाणी पुन्हा काढलं, कल्चरमध्ये काही वाढलं नाही. साखर आणि प्रोटीन अजून पूर्ण जाग्यावर नाही पण सुधारतंय म्हणाले. डोक्याचा घेर रोज वहीत लिहितो, आतापर्यंत ठीक आहे. सोनोग्राफीत पाणी किंवा पू नाही. पिक लाइन बसली, हात-पाय मोकळे झाले, त्यामुळं पोरगी आता मूठ तोंडात घालते. कोर्स चार आठवड्यांचा पूर्णच करणार, घरात आता दुमत नाही.

घरच्यांचे शौचाचे रिपोर्ट यायचे आहेत. आईला सिस्टरांचा निरोप दिला. काल तिनं स्वतःहून साबणाच्या वड्या आणून मोरीपाशी आणि मागच्या दाराशी ठेवल्या.

ताई, तुमच्या मुलाच्या कानाचं कधी कळलं? आम्ही पुढं काय काय बघायचं?

कृष्णाकाठची

कल्चर साफ आलं हे वाचून मी आमच्या घरात मोठ्यानं ओरडून सांगितलं सगळ्यांना.

कानाचं आमच्याकडं लवकर कळलं, कारण डॉक्टरांनी डिस्चार्जच्या कागदावरच बेरा टेस्ट लिहून दिली होती. ती घरी जायच्या आधी किंवा महिनाभराच्या आत व्हायला हवी. टाळी वाजवली, ताट वाजवलं आणि बाळ दचकलं म्हणजे ऐकू येतं, असं अजिबात धरू नका. एका कानानं ऐकणारं बाळही दचकतं, आणि ताटाच्या हादऱ्यानंही दचकतं. माझा मुलगा दचकायचा. बेरामध्ये कानात आवाज सोडून डोक्याला लावलेल्या पट्ट्यांवरून मेंदूपर्यंत तो पोचतो का ते बघतात. लवकर कळल्यामुळं मशीन लवकर बसलं आणि बोलणं मागं पडलं नाही. ते मशीन नीट लावायला, वाणीची शिकवणी घ्यायला आम्ही फार फिरलो आहोत, तशी वेळ आली तर मला विचारा, तुमच्या मुलीवर ती येऊ नये.

डोक्याचा घेर घरी गेल्यावरही मोजायचा, किती दिवसांनी ते डॉक्टर सांगतील. टाळू पुन्हा फुगीर वाटली, उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांची बुबुळं खाली उतरून वर पांढरं दिसायला लागलं, ताप परत आला, बाळ सारखं झोपायला लागलं, तर रात्र असो की लग्नघर, तसेच निघा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. कोर्स पूर्ण झाल्यावरही हा आजार उलटू शकतो, पहिले काही आठवडे जास्त जपायचं.

आकडीचं औषध चालू असेल तर ते मनानं बंद करायचं नाही. मान धरणं, पालथं पडणं, बसणं याची तारीख वहीत टाका. मागं पडतंय असं वाटलं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्ह्याच्या ठिकाणी लहान मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथं फिजिओथेरपी, वाणी, कान-डोळे सगळं बघतात आणि पैसे घेत नाहीत. तुमच्या आशाताईंना विचारा, त्या चिठ्ठी देतील. आमच्या मुलाची डावी बाजू जरा सुस्त होती, व्यायामानं सुधारली.

बेराला जाताना एक करा. बाळ गाढ झोपेत लागतं, हललं की टेस्ट बिघडते. त्या दिवशी पहाटे लवकर उठवा, वाटेत झोपू देऊ नका, खेळवत न्या, आणि पोटभर तिथं पोचल्यावरच पाजा. केसांना तेल लावू नका, पट्ट्या चिकटत नाहीत. दुपटं तिच्या सवयीचंच घ्या. आमची पहिली वेळ झोपेवाचून वाया गेली होती आणि पुढची तारीख मिळायला वेळ लागला. तारीख आत्ताच, अ‍ॅडमिट असतानाच मागून ठेवा.